वाचून दाखवले, बरोबर आहे

"या वाटेनं केव्हापासून जाता?" तात्यांनी विचारलं.

गोजराबाईंनी साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आधी त्या न्यायाधीशांकडे बघून ओशाळवाणं हसल्या आणि मग त्यांना हवा तसा वेळ घेऊन सांगायला लागल्या.

"नवी नवरी हुते सायेब. सासूनं भाकरीचं टोपलं डोक्यावर दिलं आन् म्हनली, ह्या वाटंनं जायचं, बांदाच्या कडंनं, खाशाबाच्या आंब्याखालनं. मग त्यो दुस्काळ पडला न्हवं का बहात्तरचा, तवा खडी फोडायला ह्याच वाटंनं जायची मी. थोरला पोटात हुता. आंब्यापाशी पाय घसरून पडले तर खाशाबाच्याच आईनं हाताला धरून उठवलं. त्या थोरल्याला आता दोन पोरं हायती."

न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते तरुण होते, सभ्य होते, साक्षीदारावर कधी डाफरत नसत. मग टायपिस्टकडे मान वळवून ते म्हणाले, "लिहा. सदर रस्त्याचा वापर मी फार पूर्वीपासून करीत आले आहे. त्यास प्रतिवादीने अथवा त्यांच्या कुटुंबीयांनी यापूर्वी कधीही हरकत घेतलेली नव्हती."

टाइपरायटर खडखडला आणि सासू, टोपलं, दुष्काळ, पोटातला थोरला आणि खाशाबाची आई, सगळे एका दमात 'फार पूर्वीपासून' या दोन शब्दांत जाऊन बसले.

मी तेव्हा तात्यांची, म्हणजे अॅडव्होकेट शिंगट्यांची ज्युनिअर होते. वकिली सुरू करून चौदा महिने झाले होते आणि त्यातले तेरा महिने मी तारखा मागण्यात घालवले होते. गोजराबाईंचा दावा आमच्याकडे होता. शेतावर जायची त्यांची वाट भावकीतल्या खाशाबा खबाल्यांच्या रानातून जायची. आदल्या उन्हाळ्यात खाशाबाच्या मुलानं तिच्यावर काटेरी तार ओढली आणि पन्नाशीच्या या बाईला दीड कोसाचा वळसा पडला. अशा वाटेवर हक्क सांगायचा तर वीस वर्षं सलग वापर केल्याचं सिद्ध करावं लागतं. 'फार पूर्वीपासून' म्हणजे किती, हे कायद्याला कळत नाही. बहात्तरचा दुष्काळ मात्र चांगला कळला असता, कारण आम्ही सत्त्याण्णव सालात उभे होतो आणि पंचवीस वर्षं तर तिथंच भरत होती.

मी चिठ्ठी लिहून तात्यांच्या पुढं सरकवली: 'दुष्काळाचं साल नोंदवून घ्या.' तात्यांनी ती वाचली, घडी घातली, कोटाच्या खिशात टाकली आणि पुढचा प्रश्न विचारला. तात्या वाईट वकील नव्हते. पण पस्तीस वर्षं त्या कोर्टात काढल्यावर साहेबांना मधे तोडायचं नाही हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. साहेब सांगताहेत, टायपिस्ट लिहितोय, आपण पुढचा प्रश्न शोधायचा, अशी ती रीत होती आणि ती सगळ्यांच्या सोयीची होती.

जबाब संपल्यावर टायपिस्टनं तो घडाघडा वाचून दाखवला. खाली 'वाचून दाखवले, बरोबर आहे' ही ओळ होती. ती त्यानं वाचायच्या आधीच टाइप केलेली असायची, एवढा त्याचा साक्षीदारांवर विश्वास. साहेबांनी विचारलं, "बरोबर आहे ना, आजी?" गोजराबाईंनी मान हलवली आणि अंगठा दिला.

मी माझ्या वहीत लिहून घेतलं. साक्षीदार क्रमांक एकसष्ट.

ही वही म्हणजे माझं सगळं भांडवल. दोनशे पानी, मधोमध रेघ मारलेली. डावीकडं साक्षीदार काय बोलला ते जसंच्या तसं, उजवीकडं कागदावर काय उतरलं ते. शेवटच्या वर्षाला पुरावा कायदा शिकताना मला हा विषय चिकटला. पुस्तकात लिहिलं होतं की साक्ष म्हणजे साक्षीदारानं स्वतः पाहिलेलं, स्वतः ऐकलेलं. कोर्टात येऊन बघते तर साक्षीदार एक बोलतो, साहेब दुसरं सांगतात, टायपिस्ट तिसरं लिहितो आणि अपिलातला न्यायाधीश हे तिसरं वाचून म्हणतो की साक्षीदार विश्वासार्ह वाटत नाही. वर्षभरात मला काही गोष्टी दिसायला लागल्या होत्या. बायका काळ सांगतात तो बाळंतपणांवरून आणि लग्नांवरून, तो पहिल्यांदा गळतो. म्हातारे माणसांची नावं नात्यानं घेतात, ती गळतात. माणूस गप्प बसला तर ते कुणी लिहीत नाही आणि रडला तर मुळीच नाही. उलटतपासात तर गंमतच. वकील विचारतो, "तुम्ही खोटं बोलताय," माणूस पाच मिनिटं तळतळून बोलतो आणि कागदावर येतं, 'हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.' एकसष्ट माणसं माझ्या वहीत डावीकडं वेगवेगळी होती आणि उजवीकडं एकाच आईची लेकरं.

यावर मला एल.एल.एम.चा प्रबंध करायचा होता. तीन तालुक्यांच्या कोर्टात वर्षभर बसायचं, असंच लिहून घ्यायचं, साक्षीदारांना मागाहून गाठून विचारायचं आणि मग शोधायचं की सोप्या उपायानं यातलं काय वाचवता येईल. उपायसुद्धा मनात होता: काळ, अंतर आणि नातं, निदान एवढं तरी साक्षीदाराच्या शब्दांत लिहावं. एवढीशी गोष्ट. विद्यापीठात बारा जागा होत्या. मुलाखत आठ दिवसांवर आली होती. ती जागा मिळाली नसती तर मी आयुष्यभर तारखा मागत बसले असते, आणि मला ते नको होतं. दुसरं काही मला इतकं कधी हवंसं वाटलं नव्हतं, लग्नसुद्धा नाही. आमच्या आईला याच गोष्टीचा घोर होता.

तात्यांना मी त्या संध्याकाळी ऑफिसात विचारलं की साल का नोंदवून घेतलं नाही. ते म्हणाले, आर्ग्युमेंटमधे बघू. मी म्हटलं, पुराव्यात नाही ते आर्ग्युमेंटमधे कुठून येणार? तात्यांनी चष्मा काढला.

"शालन, तुझी ती वही म्हणजे कोर्टाची चहाडी आहे. विद्यापीठात नेऊन दाखव, मला दाखवू नकोस. मला उद्या त्याच साहेबांसमोर उभं राहायचंय."

माझा संताप झाला, पण ज्युनिअरचा संताप फायलीला दोरी बांधण्यात जिरतो. मी त्या दिवशी सात फायली बांधल्या.

मुलाखतीला मी आदल्या दिवशी शिवून आणलेला पंजाबी ड्रेस घालून गेले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटीचा पास काढून दिला होता. ते डेपोत बॉडी फिटर होते. मुलाखतीला तिघे बसले होते. मधे विभागप्रमुख डॉ. निंबकर, दोन्ही बाजूंना दोन प्राध्यापक, आणि बाजूच्या टेबलावर फॉर्म भरून घ्यायला कारकून मुजावर.

निंबकर सरांबद्दल मला आजही वाईट बोलता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ते उठून 'या' म्हणाले. पाणी विचारलं. 'तुम्ही मराठीत बोला, संकोच नको' असंही म्हणाले. मी वही उघडली आणि दहा मिनिटं बोलले. गोजराबाईंचं टोपलं सांगितलं, दुष्काळ सांगितला, 'फार पूर्वीपासून' सांगितलं. एक प्राध्यापक हसले, दुसऱ्यांनी वही मागून घेतली, दोन पानं चाळली आणि परत दिली. निंबकर सर मात्र मान हलवत ऐकत होते. मी तीन कोर्टांचं सांगितलं, वर्षभर बसण्याचं सांगितलं, साक्षीदारांना मागाहून भेटण्याचं सांगितलं. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं पुरतं ऐकून घेतंय.

"उत्तम," सर म्हणाले. "म्हणजे साक्ष नोंदवण्याच्या नियमांत तुम्हाला रस आहे."

"हो सर."

"आता हे नियम आपल्याकडे आले कुठून? इंग्लंडातून. तेव्हा मुळात जायचं तर तिकडची तत्त्वं आणि इकडची तत्त्वं शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतील. तुमच्या वहीतल्या दोन रकान्यांसारखीच."

"हो सर," मी म्हटलं. वहीचं नाव त्यांच्या तोंडून ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग ते मुजावरांकडे वळले आणि एकही शब्द न अडखळता त्यांनी सांगितलं, "लिहा. उमेदवारास भारतीय व इंग्लिश विधिव्यवस्थांमधील साक्षनोंदणीच्या तत्त्वांचा तौलनिक अभ्यास करण्यात विशेष रुची असून, पदव्युत्तर प्रबंधासाठी त्यांनी हाच विषय प्रस्तावित केला आहे." मुजावरांनी लिहिलं, वाचून दाखवलं. सरांनी हसून विचारलं, "असंच ना?"

मी म्हटलं, "हो सर." आणि खाली सही केली. सही चांगली वळणदार आली होती, तेही आठवतं.

परतीच्या एसटीत मी खूश होते. सातारारोडच्या फाट्यापर्यंत तरी होते. नंतर मनात काहीतरी कुरकुरायला लागलं, पण भुकेनं असेल म्हणून मी एक वडापाव खाल्ला आणि गप्प बसले.

पंधरा दिवसांनी यादी लागली. बारा नावांत माझं सातवं. नावापुढं प्रबंधाचा विषय छापला होता: 'भारतीय व इंग्लिश विधिव्यवस्थांमधील साक्षनोंदणीची तत्त्वे: एक तौलनिक अभ्यास.' मार्गदर्शकाचं नाव होतं. कोर्ट कुठंच नव्हतं, साक्षीदार कुठंच नव्हते. मी ती यादी तीनदा वाचली. आमच्या गल्लीत पेढे वाटून झाले होते तोपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात गेले आणि मुजावरांना म्हटलं की विषय चुकीचा छापला आहे. त्यांनी फाइल काढली, फॉर्म माझ्यापुढं ठेवला आणि बोट टेकवलं.

"ही सही कुणाची, बाई?"

"माझी."

"वाचून केली होती?"

"वाचून दाखवलं होतं. पण मी हे बोलले नव्हते, भाऊसाहेब. मी वेगळं बोलले होते."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?" मुजावर म्हणाले. ते उपहासानं म्हणाले नाहीत, नुसतं विचारलं. मी चिडून निंबकर सरांच्या खोलीत गेले.

सरांनी या वेळीही पाणी विचारलं. मी सांगितलं की मला इंग्लंडशी काही घेणं नाही, मला माझ्या तालुक्याचं कोर्ट पाहायचंय. त्यांनी समजावलं की मार्गदर्शक ठरलेत, विषय मंडळापुढं जाऊन आलाय, आणि माझ्या विषयाला ग्रंथालयात एक तरी संदर्भग्रंथ आहे का? तुलनेच्या विषयाला कपाटभर आहेत. मी म्हटलं, कपाटात नाही म्हणूनच करायचाय. तेव्हा त्यांचा आवाज किंचित बदलला.

"बाई, तुम्ही जे सांगता तो विषय नाही, ती तक्रार आहे. तक्रारीवर पदवी मिळत नाही. शनिवारपर्यंत कळवा, प्रतीक्षायादीत माणसं आहेत."

घरी आले तर सगळे एका बाजूला आणि मी एका बाजूला. अण्णा म्हणाले, विषय कोणता का असेना, पदवी तर तीच ना? आईनं विचारलं की इंग्लंडचा विषय म्हटल्यावर तो जास्त चांगलाच असेल की. तात्यांनी सगळ्यात शहाणपणाचं सांगितलं: दोन वर्षं त्यांच्या मनासारखं कर, कागद हातात घे, मग तुझ्या वहीचं लोणचं घाल नाहीतर पुस्तक काढ. तिघांचंही बरोबर होतं. याच गोष्टीनं मी जास्त पिसाळले होते. मी कुणाशी नीट बोलत नव्हते, जेवत नव्हते, आणि उठसूट मुजावरांचा प्रश्न डोक्यात येत होता: मग तेव्हाच सांगायचं नाही का?

गुरुवारी गोजराबाईंच्या दाव्याचा निकाल लागला. दावा नामंजूर. साहेबांनी निकालपत्रात लिहिलं होतं की वादीने वीस वर्षांचा अखंड वापर सिद्ध केलेला नाही, स्वतः वादीनेही आपल्या साक्षीत वापराचा निश्चित कालावधी सांगितलेला नाही. हे लिहिताना त्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवला नसणार. त्यांच्या समोर कागद होता आणि कागदात दुष्काळ नव्हता. तात्या म्हणाले, अपील करू. अपील केलंही. ते जिल्ह्याला सहा वर्षं चाललं आणि त्याचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

मी बाहेर आले तेव्हा गोजराबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसून फडक्यातली भाकरी सोडत होत्या. त्यांना निकाल कळला होता. मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली आणि भाकरीचा चतकोर पुढं केला. "बसा वकीलबाई. सकाळधरनं उपाशीच दिसतासा." 

मी बसले. भाकरी हातात घेतली. आणि चार दिवसांचा सगळा राग मी त्या बाईवर काढला. आजही सांगताना लाज वाटते. मी म्हटलं, मावशी, तुम्ही कोर्टात सगळं सांगितलंत. सासू, दुष्काळ, थोरला. त्यातलं काहीएक लिहिलं गेलं नाही. तुम्हाला वाचून दाखवलं. साहेबांनी स्वतः विचारलं, बरोबर आहे का. तेव्हा तोंड का उघडलं नाहीत? तुम्ही एक शब्द बोलला असतात, 'माझा दुष्काळ राहिला' एवढंच म्हणाला असतात तर आज तुमची वाट तुम्हाला मिळाली असती. तुमच्या वाटेवर तार त्या खाशाबानं नाही, तुम्ही स्वतःच ओढून घेतलीत.

व्हरांड्यातल्या दोघातिघांनी माना वळवून बघितलं. गोजराबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चटणीचा कागद उलगडला, माझ्या चतकोरावर चिमूटभर चटणी ठेवली आणि विचार करून सांगितलं.

"तुमचं खरं हाय बाई. पर सायेब लई ग्वाड बोलत हुते. त्यो मानूस वाचत हुता तवा मला वाटलं, ही कोन शानी बाई बोलतिया. मग ध्यानात आलं, ही मीच. माझंच बोलनं हाय म्हनं. मी आपली कुठलं टोपलं, कुठली सासू, काय बी बरळत हुते, आन् त्येंनी त्याचं कसं सोनं केलं. मला लई बरं वाटलं. आपन बी आसं बोलू शकतो म्हनून." त्यांनी चटणीचा कागद मिटला. "आन् कुनी आपल्यासाठी येवढं नीटनेटकं मांडल्यावर न्हाई कसं म्हनायचं? त्येला वाईट वाटंल की."



मी निंबकर सरांसमोर बसले होते ते मला आठवत होतं, पण आता वेगळंच आठवायला लागलं. त्यांनी 'उमेदवारास' म्हटलं तेव्हा मला त्या उमेदवाराचा किती अभिमान वाटला होता. 'तौलनिक' आणि 'विशेष रुची' हे शब्द माझ्यासाठी वापरले जाताहेत म्हणून मी कशी हुरळून गेले होते. तो विषय माझा नाही हे मला तिथंच, त्या क्षणी कळलं होतं. बहात्तरच्या दुष्काळासारखी माझी तीन कोर्टं माझ्या डोळ्यांसमोर गळली होती आणि मी बघत होते. आणि तरीही एसटीत बसेपर्यंत मी ते स्वतःला कळू दिलं नव्हतं. एकसष्ट माणसं मी वहीत लिहिली होती, प्रत्येकाच्या दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. पण यातल्या एकालाही मी विचारलं नव्हतं की मग तुम्ही हो का म्हणालात. मला वाटायचं, घाबरून म्हणतात. नाहीतर अडाणी म्हणून म्हणतात. मी कायद्याची पदवीधर, माझ्या घरी पेढे वाटलेले, आणि मी गोजराबाईंपेक्षा तसूभरसुद्धा शहाणी निघाले नव्हते.

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कशाची वो? खावा." मी ती भाकरी पूर्ण खाल्ली.

शनिवारी मी विद्यापीठात गेले. घरी सांगितलं होतं की फी भरायला जाते, म्हणजे फी भरायला नाही तरी तसंच काहीतरी. मुजावर एकटेच होते, शनिवारचं अर्धं ऑफिस. मी म्हटलं, भाऊसाहेब, मला जागा सोडायची आहे. मग त्यांनी विचारलं की घरून काही अडचण आहे का, लग्न ठरलंय का, पैशाचं काही आहे का. मी नाही नाही म्हणत गेले. त्यांनी फॉर्म काढला आणि लिहायला लागले. प्रवेश सोडण्याचं कारण या रकान्यात त्यांनी सवयीनं पहिला शब्द लिहिला: 'वैयक्तिक'.

"थांबा," मी म्हटलं. "ते मी सांगितलेलं नाही."

"बाई, सगळ्यांचं तेच असतं. वैयक्तिक कारणास्तव. त्यात कुणाला प्रश्न पडत नाही."

"माझं ते नाही. मी सांगते तसं लिहा."

"रकाना एवढासा आहे."

"मग मागच्या बाजूला लिहा."

मुजावर वैतागले. त्यांना दीड वाजता घरी जायचं होतं. पण माणूस मनाचा चांगला होता. त्यांनी 'वैयक्तिक'वर काट मारली, कागद उलटा केला आणि पेन टेकवून माझ्याकडे बघितलं. मी सावकाश सांगायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की हे सावकाश सांगणं फार अवघड असतं. त्यांचं पेन पुढं जायला लागलं की मलाच वाटत होतं, जाऊ दे, साधारण बरोबर आहे. दोनदा त्यांनी माझं वाक्य नीट करून लिहिलं आणि दोनदा मी ते परत बिघडवून घेतलं. एकदा त्यांनी 'साक्षीदार विसंगत बोलतात' असं लिहिलं, तेव्हा मी टेबलावर हात ठेवून म्हटलं की हे खोडा. त्यांनी खोडलं. बारा-पंधरा मिनिटं गेली असतील. शेवटी त्यांनी तो कागद चष्म्याजवळ धरून वाचून दाखवला.

"'मला हा विषय नको आहे. कोर्टात माणूस एक बोलतो आणि लिहिलं जातं दुसरं. त्याला वाचून दाखवलं तर तो हो म्हणतो. तो हो का म्हणतो ते मला शोधायचं आहे. हे मी मुलाखतीत सांगायला पाहिजे होतं. ते मला तेव्हा कळलं नव्हतं, पण माझ्या वहीत होतं. मुलाखतीत मला जे वाचून दाखवलं ते माझं नव्हतं. मी हो म्हणाले.'"

कागद खाली ठेवून त्यांनी डोळे चोळले.

"हे शेवटचं वाक्य कशाला, बाई? ते तुमच्याच विरुद्ध जातं. उद्या कुणी फाइल उघडली तर म्हणेल, बाई हो म्हणाल्या होत्या, मग तक्रार कसली? ते गाळतो. बाकीचं राहू दे."

मला क्षणभर वाटलं, खरंच गाळावं. ते माझ्याच भल्याचं सांगत होते, आणि नीट सांगत होते.

"नाही," मी म्हटलं. "ते राहू द्या. तेवढंच माझं आहे."

मुजावरांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि सही कुठं करायची ते दाखवलं. मी आधी तो सगळा कागद स्वतः वाचला.